काकांचा प्रोबेशनर

साबणाच्या वडीएवढ्या कॉम्प्युटरशी 'आपण' म्हणून बोलणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. "आपण आज उठणार आहात की नाही?" असं काका त्याला सकाळी विचारत, आणि उत्तरासाठी खरोखर थांबत. पहाडगंजात आमच्या मंडळाचं मराठी वाचनालय होतं, तिथल्या कोशांच्या कपाटावर ते यंत्र ठेवलेलं असे. त्याला ना पडदा, ना कीबोर्ड, ना अंगावर झाकण. एक हिरवी पट्टी, तिच्यावर काळ्या चिपा आणि कोपऱ्यात लुकलुकणारा दिवा. काका त्याला 'प्रोबेशनर' म्हणत. आधी काम बघू, मग कायम करू, असं त्यांचं धोरण होतं.

काका माझे नात्याने कुणी नव्हेत. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये ते आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. मूळचे भंडाऱ्याकडचे, बौद्ध कुटुंबातले, शिकून दिल्लीत नोकरीला आलेले त्यांच्या घरातले पहिले. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. लहानपणी आम्ही जिन्यात चेंडू आपटला की इतर काका ओरडायचे. हे ओरडायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी आमच्या दाराखालून कागद सरकायचा: 'विषय: जिन्यात चेंडू आपटणेबाबत.' माझे बाबा ऑडिटमध्ये. तेही तितक्याच गांभीर्याने उत्तर लिहून वर पाठवायचे. तोवर आम्ही चेंडू सोडून पतंगावर गेलेलो असायचो, आणि पत्रव्यवहार चालूच राहायचा.

निवृत्त झाल्यावर काका-काकू गाझियाबादच्या वैशाली भागात राहायला गेले आणि काकांनी मंडळाचं वाचनालय हातात घेतलं. वैशालीहून मेट्रोने रोज पहाडगंज. वाचनालय दहाला उघडायचं आणि सहाला बंद व्हायचं. मध्ये दारावर पाटी लागायची: 'जेवणाची सुट्टी.' आत एकही वाचक नसला तरी पाटी लागायचीच. मी एकदा विचारलं, "काका, ही पाटी कुणासाठी?" ते डबा उघडत म्हणाले, "ऑफिस आहे, बेटा. कुणी आलं नाही म्हणून ऑफिस बिघडवायचं नसतं."

कुणी येत नव्हतं हे मात्र खरं होतं. पूर्वी मराठी माणसं करोल बाग, सरोजिनी नगर अशी जवळपास राहायची. आता कुणी द्वारकेला, कुणी गुडगावला, कुणी माझ्यासारखं नोएडाला. एका कादंबरीसाठी दोन मेट्रो बदलून पहाडगंजच्या हॉटेलांच्या पाट्यांखालून वाट काढत कोण येणार? अध्यक्षांनी नेमकं हेच हेरलं. अध्यक्ष म्हणजे निवृत्त सहसचिव, काकांच्याच मंत्रालयातले, काकांपेक्षा बऱ्याच पायऱ्या वरचे. त्यांनी कार्यकारिणीत सूचना मांडली की वाचनालयाच्या खोलीत अतिथी कक्ष करावा. नवी दिल्ली स्टेशन हाकेच्या अंतरावर आहे, सभासदांचे पाहुणे तिथे उतरतील.

ही सूचना सगळ्यांना का आवडली हे दिल्लीत घर असलेल्या मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही. वैष्णोदेवीला जाणारे, आग्रा बघणारे, मुलाखतीला आलेले, एम्समध्ये दाखवायला आलेले, सगळे आपल्या दोन खोल्यांत गादी टाकून झोपतात आणि जाताना "तुमच्याकडे थंडी फार" असं सांगून जातात. पाहुण्यांना बाहेरच्या बाहेर झोपवण्याची सोय होतेय म्हटल्यावर पुस्तकांची बाजू कोण घेणार?

काकांनी घेतली. त्यांचं म्हणणं, लोकांना पुस्तकं नकोत असं नाही. कुठली आहेत तेच त्यांना माहीत नाही. यादी मोबाइलवर दिसू दे, घरबसल्या मागता येऊ दे, पुस्तक पोचवायचं मी बघतो. अध्यक्ष म्हणाले, "अच्छा, करून दाखवा. वार्षिक सभेपर्यंत वेळ देतो. नाही झालं तर खोली अतिथी कक्षाला." आणि काकांनी मला फोन केला, कारण त्यांच्या ओळखीत कॉम्प्युटरच्या नोकरीतली मी एकटीच होते.

मी गाझियाबादला गेले तेव्हा काकूंनी मला स्वयंपाकघरात ओढलं. "हे बघ," त्या कढईत पोहे परतत म्हणाल्या, "ती खोली वाचव, बाई. लॉकडाउनमध्ये हा माणूस घरात होता. फ्रिजवर कागद लावला होता, 'दूध कुणी व किती घेतले.' कामवालीला यायला उशीर झाला तर तिच्याकडून लेखी कारण मागायचा." मग गॅस बारीक करून त्या म्हणाल्या, "पण थट्टा सोड. संध्याकाळी परत आला की सांगतो, आज अमुक आला, तमुक पुस्तक नेलं. ज्या दिवशी कुणी येत नाही त्या दिवशीही काहीतरी सांगतो. खोली गेली तर हा सांगणार काय मला?" मी पोहे खाल्ले आणि हो म्हटलं.

यादी दुसरीकडे कुठे ठेवायची नाही, वाचनालयाच्या खोलीतच ठेवायची, ही काकांची अट. मी म्हटलं, भाड्याने सर्व्हर मिळतो, अर्ध्या तासात काम होईल. "म्हणजे पुस्तकं इथे आणि त्यांची यादी परदेशातल्या कुणाच्या तरी कपाटात? बिल्कुल नाही." म्हणून नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारातून ती हिरवी पट्टी आणली. एवढ्याशा गोष्टीवर अख्खं वाचनालय चालेल हे कळल्यावर काकांनी तिला तळहातावर घेतलं आणि म्हणाले, "शरीरयष्टी किरकोळ आहे. पण आपल्याकडे चांगले कारकून असेच असतात."

आता सर्व्हर बसवणं म्हणजे काय, तर माझा लॅपटॉप त्याला जोडून काळ्या पडद्यावर एकेक ओळ टाइप करायची आणि यंत्र काय म्हणतंय ते बघायचं. मी नोएडातल्या एका कंपनीत टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममध्ये खोड्या काढायचा मला पगार मिळतो. घरगुती कामात माझी पद्धत अशी की जगात कुणीतरी हीच अडचण सोडवून नेटवर टाकलेली असते. त्याच्या ओळी उचलायच्या, चिकटवायच्या आणि चाललं तर गप्प बसायचं. काकांनी हे बघितलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"काय लिहिलंय ते वाचलंस?"

"नाही. पण चालतं ते, काका."

"नोकरीत न वाचता मी एका कागदावर सही केलेली नाही."

"ही सही कुठे आहे? नुसतं एंटर दाबलं मी."

"एंटर म्हणजे सहीच की."

झालं. तिथून पुढे प्रत्येक ओळीचा मी मराठीत अर्थ सांगायचा, त्यांनी तो एका कागदावर उतरवून घ्यायचा, मान डोलवायची, मग एंटर. नेटवर 'दहा मिनिटांत सर्व्हर' म्हणून जे दिलेलं होतं त्याला आम्हाला माझे तीन शनिवार लागले. त्यात आणखी एक कलम, एका दिवशी एकच बदल. "दोन गोष्टी एकदम बदलल्या तर श्रेय कुणाला द्यायचं आणि दोष कुणाला?" माझ्या ऑफिसात हेच वाक्य आमचा मॅनेजर इंग्रजीत, स्लाइडवर लिहून सांगतो. तिथे आम्ही टाळ्या वाजवतो. इथे मला उठून बाहेर जावं असं वाटायचं.

काही ओळींच्या सुरुवातीला 'सुडो' लिहावं लागतं. त्याचा अर्थ, हे काम यंत्राच्या सर्वोच्च मालकाच्या अधिकारात चाललंय, मध्ये येऊ नका. हे सांगताच काका म्हणाले, "समजलं. राष्ट्रपतींच्या आदेशावरून." कॉम्प्युटरमधली इतकी गोष्ट इतक्या लवकर कळलेला माणूस मी पाहिला नव्हता. पण लगेच पुढचा प्रश्न आला. "मग तू प्रत्येक ओळीला का लावतेस? शिपाई पाण्याचा ग्लास आणतो, तोही राष्ट्रपतींच्या आदेशावरून आणतो का?" मी चिडून पुढच्या ओळीतून तो शब्द काढला. यंत्राने ठणकावलं, परमिशन डिनाइड. काकांच्या चेहऱ्यावर मी इतका आनंद क्वचितच बघितला असेल. "अरे यार," ते म्हणाले, "हा तर आपल्याच खात्यातला निघाला."

एका शनिवारी सर्व्हर चालू व्हायलाच तयार नव्हता. म्हणे पोर्ट आधीच वापरात आहे. पोर्ट म्हणजे यंत्राच्या दाराचा नंबर. पहिल्या आठवड्यात मी त्याच यंत्रावर दुसरा एक सर्व्हर-प्रोग्रॅम अर्धवट बसवून सोडून दिला होता, तोच दार अडवून बसला होता. काकांना कसं सांगावं याचा विचार केला आणि म्हटलं, "असं समजा, जुन्या ऑफिसरची बदली झाली, पण त्याने क्वार्टर सोडलेलं नाही."

काकांचा चेहरा पालटला. लक्ष्मीबाई नगरचं क्वार्टर त्यांना मिळालं तेव्हा आधीचा साहेब बायकोच्या आजारपणाचं कारण देऊन आत ठाण मांडून होता, आणि काका-काकू बाळाला घेऊन मुनिरकात एका खोलीत दिवस काढत होते. बायको ठणठणीत होती. काकूंनी तिला सरोजिनी नगरच्या बाजारात पर्सचा भाव करताना पाहिलं होतं.

"सरक," काका मला म्हणाले. त्या सर्व्हरला थांबवायची ओळ त्यांनी स्वतः, दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत टाइप केली. एंटर दाबलं. मी म्हटलं झालं. ते म्हणाले, "नाही झालं. उद्या वशिला लावून परत येईल. कायमचा काढ." आणि खरंच, तो सर्व्हर यंत्र चालू होताच आपोआप उठेल असाच लावलेला होता. नुसता थांबवून भागणार नव्हतं, मुळापासून काढायला हवा होता. माझ्या कंपनीतल्या निम्म्या पोरांना हे सुचत नाही. काकांना मी तसं सांगितलं नाही. ते डोक्यावर बसले असते.

शेवटी यादी उघडली. काकांनी मोबाइलवर मधमाशीपालनाच्या एका जुन्या पुस्तकाचं नाव टाकलं. पडद्यावर आलं: तिसरं कपाट, वरून दुसरा कप्पा. काका मोबाइल धरून उठले, तिसऱ्या कपाटाशी गेले, दुसऱ्या कप्प्यात बोट फिरवलं, पुस्तक बाहेर काढलं, परत ठेवलं. मग दुसरं नाव टाकलं. असं करत करत त्यांनी खोलीभर फेऱ्या मारल्या. "बरोबर सांगताहेत," ते म्हणाले, आणि खिशातून रुमाल काढून यंत्रावरची नसलेली धूळ पुसली.

रविवारी सकाळी फोन. "जय भीम. प्रोबेशनर उठत नाहीत."

मी दुपारी धावत गेले. यंत्राच्या मेमरी कार्डावरची माहिती बिघडली होती. पुन्हा सगळं बसवलं. दोन दिवस चाललं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कधी सकाळी शहाण्यासारखं उठायचं, कधी नाही. मी अ‍ॅडॉप्टर बदलला, वायर बदलली, चांगल्यातलं कार्ड आणलं. प्रत्येक बदल वेगळ्या दिवशी, अर्थातच. पहाडगंजात लाइट जाते का म्हणून शेजारच्या हॉटेलवाल्याला विचारलं. तो दुखावला. "मॅडम, यहाँ लाइट नहीं जाती," असं त्याने आपल्या पाटीकडे हात करून सांगितलं.

काकांना घातपाताचा वास येऊ लागला. सभा जवळ येत होती, अतिथी कक्षाचे समर्थक वाढत होते, खोलीची दुसरी किल्ली अध्यक्षांकडे होती. दारावर कागद लागला: 'सर्व्हरशी छेडछाड करणाऱ्याची गय केली जाणार नाही.' एका संध्याकाळी त्यांनी निघताना उंबऱ्यापासून कपाटापर्यंत टाल्कम पावडर टाकली. सकाळी येऊन बघितलं तर पावलं उमटली होती, पण ती त्यांच्याच चपलांची, जाताना उमटलेली. "माणूस हुशार आहे," काका मला फोनवर म्हणाले. "माझ्या पावलावर पाऊल टाकून चालतो."

मी दर वेळी गर्दीच्या आधी मेट्रो पकडायची म्हणून पाचलाच निघत असे. सभेच्या आदल्या शनिवारी मात्र मी ठरवलं की वाचनालय बंद होईपर्यंत हलायचं नाही. यादी चालू होती, काका नव्या पुस्तकांना कागद चढवत बसले होते. सहा वाजले. काका उठले. मफलर गुंडाळला, खिडक्या लावल्या, पंखा बंद आहे ना ते पाहिलं, ट्यूबलाइट घालवली. मग दाराशी गेले, विजेच्या बोर्डाचं झाकण उघडलं आणि मेन स्विच खाली ओढला. कपाटावरचा दिवा विझला.

"काका, हे काय केलंत?"

"मेन बंद केला. शेवटचा माणूस मेन बंद करून जातो. सर्व्हिसमध्ये एक दिवस चुकलो नाही मी."

"आणि सर्व्हर?"

"त्यांचं काय?"

"त्याची पण वीज गेली ना."

"जाणारच. सहा वाजले." काका माझ्याकडे असे बघत होते की मीच वेडी. "सकाळी दहाला मी मेन चालू करतो, ते रुजू होतात. संध्याकाळी सहाला सुटतात. रात्रभर बसून काय करतील? खोलीत कुणी आहे का विचारायला?"

मी खुर्चीत बसले. सर्व्हर म्हणजे काय, पोर्ट म्हणजे काय, राष्ट्रपतींचा आदेश कुठे लावायचा, सगळं मी या माणसाला समजावलं होतं. सर्व्हर घरी जात नाही हे सांगायचं सुचलं नव्हतं, कारण ते कुणाला सांगावं लागेल असं जगात कुणाला वाटलं नसतं. मी म्हटलं, "काका, तो कधीच सुटत नाही. लोक रात्री जेवून झाल्यावर पुस्तकं शोधणार. आणि काम चालू असताना वीज खेचली की तो लिहीत असलेलं अर्धंच राहतं. म्हणून सकाळी उठत नाही."

अंधार पडला होता, बाहेरच्या हॉटेलांच्या पाट्यांचा लाल-निळा उजेड पुस्तकांवर येत होता. काका कपाटाशी गेले. मग म्हणाले, "म्हणजे माणूस टेबलावर काम करतोय, आणि मी रोज त्याच्या हातातलं पेन ओढून दिवा घालवत होतो." मला हसू येत होतं, पण त्यांचा आवाज ऐकून ते जिरलं. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, एका हिरव्या पट्टीसाठी.

दुसऱ्या दिवशी दारावरच्या इशाऱ्याखाली दुसरा कागद लागला. त्यावर छेडछाड करणाऱ्याचं नाव, म्हणजे स्वतःचं, आणि शिक्षा: आठवडाभर समोसा बंद. काकूंनी मला कळवलं की ती शिक्षा तंतोतंत अमलात आली, फक्त कचोरीचा तिच्यात उल्लेख नव्हता.

सर्व्हरला पुन्हा बसवलं आणि मेन चालू ठेवून जायचं ठरलं. बोलायला सोपं. पहिल्या संध्याकाळी काका कुलूप लावून गल्लीच्या तोंडापर्यंत आले आणि थांबले. "हात शिवशिवतोय, यार," ते म्हणाले. मी त्यांचा दंड धरला आणि आर.के. आश्रम स्टेशनच्या जिन्यापर्यंत सोडला नाही.

सभेच्या दिवशी प्रोबेशनर एकदाही अडखळला नाही. तिळगूळ वाटून झाल्यावर काकांनी सगळ्यांना मोबाइल काढायला लावले. माणसं नावं टाकायला लागली, पुस्तकं सापडायला लागली. गुडगावच्या एका बाईंना त्या शाळेत असताना वाचलेलं पुस्तक मिळालं आणि त्यांनी शेजारणीला पहिल्या पानावर काय होतं ते सांगायला घेतलं. टाळ्या झाल्या. काकू पहिल्या रांगेत नव्या साडीत बसल्या होत्या. काका हात मागे बांधून उभे होते, आणि मला वाटलं, जिंकलो.

अध्यक्ष उठले. त्यांनी काकांचं तोंडभर कौतुक केलं. "दिल्लीतलं पहिलं ऑनलाइन मराठी वाचनालय," ते म्हणाले, कशाच्या आधारावर ते त्यांनाच ठाऊक. "आता सगळं ऑनलाइन झालेलं आहे. तेव्हा मी विचारतो, खोलीची आवश्यकता काय? अतिथी कक्ष हवा असणाऱ्यांनी हात वर करा."

मी हातांची मोजदाद केली नाही, करायची गरजही नव्हती. ज्यांनी आत्ता टाळ्या वाजवल्या तेच हात वर होते. मी उभी राहून म्हटलं, "यादी ऑनलाइन झाली आहे, पुस्तकं नाही. जेवणाचं मेन्यूकार्ड छापलं म्हणून स्वयंपाकघर पाडतात का?" कुणी तरी "बेटा, बसून घ्या" म्हणालं. मला इतका राग आला होता की माझ्या हातातला तिळाचा लाडू मी मुठीत चुरडला आणि ते मला घरी गेल्यावर कळलं.

काका रागावले नाहीत. ते म्हणाले, "ठराव मंजूर आहे. एक पुरवणी ठराव मांडतो." खोली अतिथी कक्षाला गेल्यावर पुस्तकं रस्त्यावर टाकता येणार नाहीत, ती मंडळाची मालमत्ता आहे, म्हणून ती सभासदांच्या घरी ठेवावीत, एका घरी एक कप्पा. यादीत कपाटाच्या जागी सभासदाचं नाव आणि पत्ता येईल. ज्याला पुस्तक हवं त्याने त्या घरी जाऊन न्यावं. "पहिला मान अध्यक्षमहोदयांचा," ते वाकून म्हणाले. भरल्या सभेत, आत्ताच वाचनालयाचा गौरव करून झाल्यावर, अध्यक्ष नाही म्हणणार कसे? त्यांनी मान हलवली. मग बाकीच्यांना हलवावीच लागली. पाहुणे घरी येऊ नयेत म्हणून खोली मागणारी ती सगळी मंडळी मुकाट्याने घराघरांत वाचक घ्यायला तयार झाली.

सभा संपल्यावर काका 'जेवणाची सुट्टी'ची पाटी दारावरच्या खिळ्यावरून सोडवत होते. ती निघत नव्हती, दोरी खिळ्याला गुंतली होती. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. "रडू नको," ते म्हणाले. "ऑफिस हलतं, बेटा. बंद होत नाही." पण पाटी निघाल्यावर ते बराच वेळ ती हातात धरून उभे राहिले, आणि काकूंनी येऊन ती त्यांच्या हातून घेतली.

प्रोबेशनर माझ्या घरी नोएडाला आला. आता काका-काकू नागपूरला मुलीकडे राहतात, आणि यंत्र माझ्या बैठकीत टीव्हीमागे चालू आहे. घराघरांत ठेवलेली पुस्तकं बऱ्यापैकी फिरतात. द्वारकेतल्या एका घरात पुस्तक न्यायला आलेल्या मुलीचं त्याच घरात लग्न ठरलं. याचं श्रेय काका सर्व्हरला देतात आणि मी देत नाही. काका बोलण्यात अजून त्याला 'आपण' म्हणतात, पण त्याला कायम केल्याचं त्यांनी मला औपचारिकरीत्या कळवलं आहे.

पण मला सांगायचाय तो खोली गेल्यानंतरचा पहिला रविवार. यादीत पहिली मागणी आली ती काकांचीच, अध्यक्षांच्या घरी ठेवलेल्या मधमाशीपालनाच्या पुस्तकासाठी. त्यांनी मला सोबत बोलावलं. आम्ही मेट्रोने द्वारकेला गेलो. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि बूट चकचकीत केले होते.

अध्यक्षांनी दार उघडलं. क्षणभर तसेच उभे राहिले, दारात, दाराला हात लावून. मग म्हणाले, "या. आत या." काकांनी पायपुसण्यावर बूट सावकाश पुसले, आत गेले आणि मोठ्या सोफ्याच्या मधोमध बसले. अध्यक्षांच्या पत्नीने चहा आणला. काकांनी तो बशीत न ओतता, घाई न करता प्यायला, घराबद्दल चौकशी केली, बाल्कनी कुठल्या दिशेला आहे ते विचारलं. आणखी अर्धा कप मागितला. पुस्तक घेतलं, आभार मानले, निघालो.

परतीच्या मेट्रोत ते पुस्तक न उघडता मांडीवर ठेवून बसले होते. मी म्हटलं, "काका, हे तुम्ही वाचलेलं आहे. आणि तुम्हाला मधमाश्या पाळायच्याही नाहीत."

"नाही पाळायच्या."

"मग?"

काका खिडकीबाहेर बघत होते. "अगं, हे सहसचिव होते तेव्हा सुट्टीच्या दिवशी अर्जंट फाइल घेऊन मला यांच्या बंगल्यावर जावं लागायचं. कितीतरी रविवार. व्हरांड्यात उभं राहायचं. 'ठेव तिथे,' आतून आवाज यायचा. सही होईपर्यंत तिथेच थांबायचं. उन्हाळा असो, थंडी असो, 'आत ये' असं कुणी म्हटलं नाही. तेव्हापासून मनात होतं की आतली खोली केवढी असेल, कशी असेल. आज एकदाची बघितली."

"कशी आहे?"

त्यांनी जरा विचार केला.

"आपल्या वाचनालयापेक्षा लहान आहे."